सोमवारचा बिघाड

एकदा एक हिरड्याचा व्यापारी सकाळी अकराच्या सुमारास छाती दाबीत डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात आला. त्याची बायको त्याला धरून चालवीत होती आणि तो घामाने निथळत होता. तिथली डॉक्टर तरुण होती, पण कामाला पक्की. तिने त्याला झोपवले, छातीला तारा जोडल्या आणि हृदयाचा आलेख काढला. आलेख तिने दोनदा निरखला.

दवाखान्याच्या फ्रिजमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारे एक इंजेक्शन होते. गरज असलेल्याला वेळेवर दिले तर तो वाचतो, नको त्या माणसाला दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊन दगावतो. आलेख स्पष्ट असता तर डॉक्टरने कोणाला विचारले नसते. तो स्पष्ट नव्हता. अशा वेळी आलेख शहरातल्या हृदयतज्ज्ञांना पाठवायचा आणि त्यांचे उत्तर येईल तसे करायचे, असा तिथला नियम होता.

हा आलेख जायचा तो कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावरून. त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती. संगणकाच्या पाठीतून निघालेली तार गच्चीवरच्या अँटेनाला जात होती आणि अँटेना समोरच्या डोंगरावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभा होता. बिनतारी नेट यायचे ते त्या एकाच वाटेने. संगणक बारा वर्षांचा. विंडोज त्याला पेलवेना म्हणून कोणीतरी त्याच्यावर लिनक्स हे हलके सॉफ्टवेअर घातले होते, आणि त्यावर तो बिचारा कुरकुर न करता चालत आला होता. नेमका आज तो बंद होता. म्हणजे संगणक सुरू होता, पण त्याला समोरचा मनोरा दिसत नव्हता.

त्याच्यापुढे एक तरुणी बसली होती. त्याच गावात एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांनी उमेदीची वर्षे जहाजांवर बिनतारी संदेशांच्या कामात घालवली होती आणि आता ते चार-पाच जणांना यंत्रदुरुस्ती शिकवीत. ही त्यांची सर्वांत चलाख शिष्या. आपण चलाख आहोत हे तिला ठाऊक होते, आणि अडचण तिथूनच सुरू झाली होती. सोमवारी डॉक्टरने तिला बोलावून सांगितले होते, ‘नेट दर दहा-बारा मिनिटांनी तुटतं आणि दोनएक मिनिटांत आपोआप परत येतं. जरा बघतेस का?’ तिने बघितले. सोमवारी बघितले, मंगळवारी बघितले, बुधवारी तालुक्याला जाऊन इंटरनेटवरच्या उपायांचा एक गठ्ठाच छापून आणला. आज गुरुवार होता. घरचा मिक्सर उघडून परत जोडताना ज्यांच्या हातात तीन स्क्रू जास्तीचे उरले आहेत, त्यांना तिची अवस्था अधिक सांगायला नको.

“किती वेळ लागेल?” डॉक्टरने विचारले.

“पाच मिनिटं. ही एक नवीन कमांड आहे.”

“पाच मिनिटं तू मघाशीही म्हणालीस.”

ॲम्ब्युलन्स पहाटेच एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. डॉक्टरने आलेखाचा फोटो देऊन कंपाउंडरला मोटरसायकलवर घाटमाथ्याकडे पिटाळले होते, कारण तिथे रेंज मिळे. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. व्यापाऱ्याकडे एवढा वेळ नव्हता, हे डॉक्टरला कळत होते आणि तिचा चेहरा बघून व्यापाऱ्याच्या बायकोलाही कळू लागले होते. कंपाउंडर शहाणा. वाटेत त्याने गुरुजींच्या दारात गाडी थांबवून हाक मारली होती.

गुरुजी आले. त्यांनी आधी रुग्णाकडे पाहिले, मग शिष्येच्या हातांकडे. ते कळफलकावर धावत होते.

“हात काढ.”

“गुरुजी, हा शेवटचा एकच उपाय...”

“हात काढ, पोरी.”

तिने हात काढले. गुरुजींनी तिच्या कागदांचा गठ्ठा उचलला, स्टुलावर ठेवला आणि सरळ त्याच्यावर बसले. पडद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

“सोमवारपासून ह्याला काय काय सांगितलंस?”

“सगळं आठवत नाही.”

“त्याला आठवतं. त्याला विचार.”

लिनक्सला एक सवय आहे. तुम्ही लिहिलेली प्रत्येक आज्ञा ते निमूटपणे टिपून ठेवते, शहाणपणाची असो वा नसो. शिष्येने ती यादी उघडली. यंत्रात काहीतरी बदलणाऱ्या तेवीस आज्ञा निघाल्या.

“शेवटची वाच.”

“मनोऱ्याचा पत्ता हातानं घातला.”

“उपयोग झाला?”

“नाही.”

“मग काढ. त्याच्या आधीची?”

“सिग्नलची ताकद वाढवली.”

“वाढली?”

“नाही.”

“काढ.”

असे ते खालून वर निघाले. एकेक आज्ञा मागे घ्यायला फार तर पंधरा सेकंद लागत होते, पण पलीकडे माणूस कण्हत असताना पंधरा सेकंद कसे जातात ते ज्याने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक. आठ झाल्या, दहा झाल्या, पंधरा झाल्या. पडद्यावर मनोऱ्याचे नाव काही दिसेना. डॉक्टरचा धीर सुटला.

“गुरुजी, तुम्ही हे दुरुस्त करताय की मोडताय?”

“मोडतोय,” गुरुजी म्हणाले. “पुढची वाच.”

पुढची वाचताना शिष्या अडखळली. त्या आज्ञेने तिने संगणकात नवा ड्रायव्हर बसवला होता. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याचे बिनतारी कार्ड यांच्यातला दुभाषा. जुन्या दुभाष्याला तिने काळ्या यादीत टाकले होते, त्याला पुन्हा तोंड उघडता येऊ नये म्हणून.

“हा नाही काढायचा,” ती म्हणाली. “हा नवा आहे, चांगला आहे. ह्याला बसवायला मला अख्खा मंगळवार लागला.”

“काढ.”

“गुरुजी, हा काढला आणि जुना चालला नाही, तर हा परत आणायला नेट लागेल! आणि नेटच तर नाहीये! मग आपल्या हातात काहीच उरणार नाही.”

ती बरोबर बोलत होती, हीच त्यातली भीती होती. खाटेवरून व्यापाऱ्याच्या बायकोचा आवाज आला, “बाई, ह्यांचं आंग गार पडाया लागलंय वो.” डॉक्टर तिकडे धावली. शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले.

गुरुजींनी आवाज चढवला नाही. “हा ड्रायव्हर कुठून आणलास?”

“नेटवरून.”

“कोणत्या संगणकावर उतरवलास?”

मंगळवारी सकाळी ती इथेच, याच खुर्चीवर बसली होती.

“ह्याच,” ती म्हणाली.

“म्हणजे ज्या दिवशी तू ह्याला निकामी ठरवलंस, त्या दिवशी तो तुला मागशील ते आणून देत होता.”

शिष्येने नवा ड्रायव्हर काढला. जुन्याचे नाव काळ्या यादीतून पुसले. उरलेल्या आज्ञा तिने गुरुजींनी सांगण्याची वाट न बघता स्वतःच उलटवल्या आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. त्याला उठायला दीड मिनिट लागे. त्या दीड मिनिटात खोलीत व्यापाऱ्याचा तोंडाने घेतलेला श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर मनोऱ्याचे नाव आले.

डॉक्टरने धावत येऊन आलेख पाठवला. अर्ध्या मिनिटात तो गेला. ‘पोहोचला, बघतो आहोत,’ असा निरोप आला. आता उत्तर यायचे. दहा मिनिटे झाली तरी ते आले नाही, आणि तेवढ्यात मनोऱ्याचे नाव पडद्यावरून पुसले गेले.

“गेलं!” डॉक्टर ओरडली.

शिष्येचे हात आपोआप कळफलकाकडे झेपावले. “गुरुजी, एक आज्ञा आहे, ती दिली की लगेच...”

“हात मांडीवर.”

“पण उत्तर...”

“डॉक्टर, सोमवारी हे तुटलं की किती वेळानं परत यायचं?”

“दोन मिनिटांत. आपोआप.”

“मग ते सोमवारसारखंच तुटलंय. सोमवारसारखंच येईल.”

शिष्येने हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली, कारण नुसते मांडीवर ठेवून ते राहतील याची तिला खात्री नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात एक मिनिट सरले. तिला त्या तीन दिवसांत जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या एका मिनिटात वाटली. काही करता येत असताना न करणे तिने आयुष्यात कधी केले नव्हते. दुसरे मिनिट अर्धे झाले. डॉक्टर इंजेक्शन भरून हातात घेऊन उभी होती.

नाव परत आले. पाठोपाठ उत्तर आले. त्यात दोनच शब्द होते: ‘द्या. लगेच.’

पुढचे काम डॉक्टरचे होते आणि ते तिने चोख केले. तासाभरात व्यापाऱ्याची छाती हलकी झाली, अंगात ऊब आली आणि त्याने पाणी मागितले. नेट त्या तासात आणखी पाच वेळा तुटले आणि पाच वेळा परत आले. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

ओसरीवर गुरुजी बसले होते. शिष्या त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

“गुरुजी, तुम्हाला मूळ दोष कळला होता का?”

“नाही. अजूनही कळलेला नाही.”

“मग तुम्ही काय दुरुस्त केलंत?”

“काहीच नाही. सोमवारी ह्या यंत्रात एक दोष होता. तो सापडला नाही म्हणून तू एक उपाय केलास, तो लागू पडला नाही. पण तो तू परत घेतला नाहीस, त्याच्यावरच दुसरा ठेवलास. बुधवारपर्यंत तुझे उपायच एकमेकांना नडायला लागले आणि तू त्यांना यंत्राचं दुखणं समजून आणखी औषध देत राहिलीस. आलेखाला अर्धं मिनिट पुरतं. हे यंत्र दहा मिनिटं देत होतं. आज आपल्याला निरोगी यंत्र नको होतं, पोरी, सोमवारचं आजारी यंत्र हवं होतं. मी तेवढंच परत मागितलं.”

“म्हणजे दोष तसाच ठेवायचा?”

“काढायचा की. उद्या ये, निवांत बसून काढू. एक उपाय करायचा, बघायचं, लागला नाही तर मागे घ्यायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. करायचं कसं ते मी तुला शिकवलं. मागे घ्यायचं कसं ते शिकवायचं राहिलं, ती चूक माझी.”

शिष्या काही बोलणार तोच व्यापाऱ्याची बायको बाहेर आली. तिने आत जे काही पाहिले होते त्यातले तिला एवढेच समजले होते, की ही पोरगी सकाळपासून त्या यंत्रापुढून उठली नाही आणि शेवटी तिच्याच हातून ते चालू झाले. तिने शिष्येचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

“बाई, तुमच्यामुळं माझा मानूस वाचला.”

शिष्येला मान डोलावता आली असती. डॉक्टर आत होती, आणि गुरुजी असल्या गोष्टी कोणाला सांगत फिरणारे नव्हते. तिने हात सोडवून घेतले नाहीत.

“नाही, मावशी,” ती म्हणाली. “ते यंत्र मीच बंद पाडलं होतं. मी हात लावला नसता, तर तुम्ही दारात आलात तेव्हाच इंजेक्शन मिळालं असतं.”

बाईने ते ऐकले. हात मात्र सोडले नाहीत. गुरुजींनी उठून काठी घेतली आणि घराची वाट धरली, कारण त्या दिवशी तिला शिकवण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते.