गिऱ्ह्याचा घास

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, पहिला घास ओहोळाकाठी ठेवायचा. त्या घासाला लाचावून गिऱ्हा, ओहोळातलं खोडकर भूत, आमच्या घरीच राहायला आला. पळी लपवी, वासरू सोडी; पण नातवाचा पाळणाही तोच हलवी. यजमानांनी घाबरून भगत बोलावला.

भगत मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आजच हाकलतो. माझ्या शब्दाबाहेर कुठलंच भूत नाही."

आमची सून कुमुद हळूच म्हणाली, "मग काका, त्याला एवढंच सांगा, खोड्या सोड आणि सुखानं राहा. ऐकलंन, तर हाकलायचं कशाला? आणि नाहीच ऐकलंन, तर तुम्ही हाकलणार कसे?"

भगत उठून दाराशी गेला. त्याच्या वहाणा छपरावर होत्या. आत पाळणा हलत होता.

बायांनो, तुम्हीही एक घास बाहेर ठेवत जा.