शेवटची बुटकी पायरी

जहागीरदार रायाजीरावांनी नदीवर मोठ्या हौसेनं घाट बांधला. पायऱ्या मापून चढवल्या, पण खालची फरशी मागाहून घातली. फरशीच्या जाडीएवढी शेवटची पायरी बुटकी झाली. उतरताना तिथे पाऊल अंदाजाआधीच आदळे, तोल जाई आणि घागर फुटे.

तक्रार गेली तेव्हा रायाजीराव कडाडले, "माझ्या घाटात खोट? बायकांची नजर इकडेतिकडे भिरभिरते! उद्यापासून त्यांना घाट बंद!"

कोंडाई कुंभारणीची मडकी भराभर खपत होती खरी, पण घागरींबरोबर बायकांचे गुडघेही फुटत होते, आणि दुसरा पाणवठा कोसभर लांब. तिनं जन्मांध शाहीर भिवाजींच्या कानात काही सांगितलं. म्हातारा खुदकन हसला.

दुसऱ्या दिवशी बंदीवर नजर ठेवायला आलेल्या रायाजीरावांसमोर भिवाजी घाट उतरू लागले. काठी काखेत, तोंडी पोवाडा, पावलं अगदी तालात. शेवटच्या पायरीवर मात्र पाऊल धाडकन आदळलं. बंदी मोडून खाली टपून उभ्या असलेल्या कोंडाईनं त्यांना अलगद सावरलं.

"सरकार," ती शांतपणे म्हणाली, "यांची नजर कुठे भिरभिरली, तेवढं सांगा."

रायाजीरावांनी गवंड्याला बोलावणं धाडलं.