ओ न देणारी राजकन्या

एका राज्यात शीलप्रभा नावाची राणी होती. व्रताची, नेमाची, मनानं मऊ. तिला एकच लेक, इंदुकला.

राज्याच्या कडेला शापित रान होतं. ते आईच्या आवाजात मुलांना नावानं हाक मारी. जे मूल ओ देई, त्याचं पाखरू होई. म्हणून तिथल्या आया मुलांना शिकवत, "रानात ओ द्यायची नाही. मी हाक मारली तरी नाही." राणीनंही तेच शिकवलं होतं.

एके दिवशी फुलपाखरामागं धावता धावता इंदुकला रानात शिरली, ती परतलीच नाही.

पहिल्यांदा सेनापती गेला. हत्ती, घोडे, ढोल, नगारे. हत्तींच्या पायांखाली लेकीची इवली पावलं पुसली गेली.

"महाराज, आवाज कमी पडला," सेनापती राजाला म्हणाला.

"मग दुप्पट ढोल न्या!" राजानं फर्मावलं.

दुसऱ्यांदा सगळं नगर गेलं. नगरानं हाका मारल्या, रानानंही मारल्या. कोणती कुणाची, कळेना.

तिसऱ्यांदा राणी एकटी गेली. हाक मारायला तोंड उघडलं, तोच फांदीवरची साळुंकी बोलली,

"थांबा, राणीसरकार. मी कुंभाराची कोयना. माझी आई अशीच हाका मारत आली. मला वाटलं, रानच. गप्प बसले. ती गेली. मग रानानं हाक मारली. मला वाटलं, आई परत आली. ओ दिली."

राणीनं विचारलं, "मग लेकीला बोलावू कशी?"

"बोलावू नका. रानाला नाव येतं, आवाज येतो. तुमच्या घरातलं काही येत नाही."

शुक्रवार होता. राणी फणसाखाली बसली, पदराच्या गाठीतले तांदूळ मुठीत घेतले, जिवतीची कहाणी सुरू केली. घरी ती एक वाक्य सांगून थांबे. मांडीशी बसलेली इंदुकला "हूं" म्हणे. मगच पुढचं, असा नेम.

राणीनं एक वाक्य सांगितलं. थांबली. पानसुद्धा हललं नाही. राणी थांबूनच राहिली.

"हूं."

ढोलीतून आला. पुढच्या वाक्याला जवळून आला. राणीनं मान वळवली नाही, कहाणी मोडली नाही. संपली तेव्हा लेक मांडीवर होती.

"आई, केवढे ढोल! मी तोंड दाबून बसले. तूच सांगितलं होतंस ना?"

"हो गं बाळा. मीच."

लेकरानं खरी आई ओळखली, तसा शाप तुटला. पाखरांची मुलं झाली. साळुंकीच्या जागी परकर नेसलेली पोर उभी.

"माझी आई?"

राणीला कुंभारीण ठाऊक होती. तेव्हा तिच्या लेकीसाठीही राजवाड्यातून ढोल धाडले होते, आणि आपण करायचं ते केलं म्हणून राणी निवांत झोपली होती.

"गेली गं. शेवटपर्यंत हाका मारत होती."

"मी ऐकत होते," पोर म्हणाली. "मला वाटलं, रानच."

राणीनं तिला दुसऱ्या मांडीवर घेतलं. पुढं त्या राज्यात मूल हरवलं, तर ढोल वाजत नसत. आई रानाच्या तोंडाशी कहाणी सांगत बसे, आणि सारं नगर गप्प राही.

जिवती राणीला पावली, तशी सगळ्या आयांना पावो. आणि कुंभारणीला पावली, त्याहून लवकर पावो.