न हलणारे घरटे

एका माळावर एक जुनी विहीर होती. तिच्यावर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती असे. मुलांनो, नाव सुगरण असले तरी घरटे विणतो तो नर, बरे का! तो अर्धे घरटे विणतो आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, चोचीने घरटे ओढून पाहते आणि तिच्या मनास आले तरच तो उरलेले पुरे करतो. हे सारे गवत कोवळे असेपर्यंतच जमते. गवताला तुरे आले की पाती मोडू लागतात, आणि ज्याचे घर झाले नाही त्याचे ते वर्ष सुने जाते.

या वस्तीत एक तरुण सुगरण होता. वाऱ्याने घरटी फार हिंदकळतात, अंडी फुटतात, हे पाहून त्याने एक नवीच युक्ती काढली. घरट्याच्या आत ओल्या मातीचे गोळे चिकटवले की ते जड होईल आणि वाऱ्याला दाद देणार नाही, असे त्याला वाटले. झाले उलटेच. मातीच्या भाराने गवताचा दोर तुटला आणि सगळे घरटे डुबुक् करून विहिरीत पडले. बाभळीवर एकच हशा पिकला. "अरे, हा घर बांधतोय की घागर?" शेजारचा म्हातारा सुगरण म्हणाला आणि सगळे पुन्हा हसले. तरुण सुगरणाला ते फार लागले. तो तडक उडाला आणि माळाच्या पार टोकाला, एका एकट्या बोरीवर जाऊन बसला.

तिथे त्याने पुन्हा विणायला घेतले. दुसरे घरटे पडले, तिसरेही पडले. का पडले हे विचारायला कोणी नव्हते आणि पडले तरी हसायलाही कोणी नव्हते. हे दुसरे दुःख मोठे, हे त्याला तिथेच कळले. चौथ्या वेळी त्याने शिंदीच्या झावळीचा चिवट धागा आणून दोर वळला आणि माती दोन्ही बाजूंना सारखी लावली. अर्धे घरटे नीट टांगले गेले. त्याने दिवसभर पंख फडफडवले, घसा बसेपर्यंत साद घातली. पण माद्या जात त्या बाभळीकडे, जिथे दहा घरटी एकदम पाहायला मिळत. एका बोरीसाठी एवढा माळ कोण ओलांडणार? शेवटी, कोणाची पसंती नसताना, त्याने ते एकट्यानेच तळापर्यंत पुरे केले. असे कोणताही सुगरण कधी करत नाही.

मग एका दुपारी मोठे वारे सुटले. बोर गदगदा हलली, पण घरटे जागचे हलले नाही. "पाहिलंत? पाहिलंत?" तो आनंदाने ओरडला. माळावर कोणीही नव्हते.

वारा पडल्यावर तोच म्हातारा सुगरण गवताच्या शोधात भटकत तिथे आला. त्याने घरट्याला चोचीने दोन हिसके दिले आणि तो थक्क झाला.

"काय रे, हे तू एकट्यानं विणलंस?"

"हो, एकट्यानंच."

"आणि राहतं कोण यात?"

म्हाताऱ्याने दोर निरखून पाहिला. "शिंदीचा धागा लावलास होय! हा तर मी कधीपासून वापरतोय. मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"विचारणार कसं, आजोबा? तुम्हीच तर हसला होतात."

म्हातारा मान खाली घालून बसला. "हसलो खरा. चुकलं माझं. आज तिथं कोणालाच हसू येत नाही. निम्मी घरटी विहिरीत गेली, अंडीही गेली. तुझी माती घेऊन चल बाबा."

"तुम्हीच इकडे या ना सगळे. जागा चांगली आहे."

"इथं पिल्लं वाढतील कशी? तिकडे बाभळीच्या शेंड्यावर कोतवाल पक्षी बसतो, तो ससाण्याला हाकलतो. साप चढला तर दहा गळे ओरडतात. तुझ्या बोरीवर कोण ओरडेल?"

तरुण सुगरण परत गेला. त्याने मातीचा गोळा कुठे लावायचा ते दाखवले, म्हाताऱ्याने धागा सोलायचा कसा ते दाखवले. सगळ्यांची घरटी उभी राहिली तेव्हा त्याचे स्वतःचे मात्र राहिले होते आणि माळावरच्या गवताला तुरे आले होते. पण ओढ्याकाठच्या सावलीत एक कोवळा पट्टा शिल्लक होता. वस्तीला तो ठाऊक होता, त्याला नव्हता. प्रत्येकाने तिथून एकेक हिरवे पाते आणून त्याच्यापुढे ठेवले. अर्धे घरटे होताच एक मादी आली. तिने ते दोनदा ओढून पाहिले आणि ती आत जाऊन बसली.

बोरीवरचे घरटे अजून तिथेच आहे. कितीही वारा सुटला तरी ते हलत नाही, आणि त्यात कधीही कोणी राहिले नाही.

तात्पर्य : नवी युक्ती एकाला सुचते, पण ती नांदते सगळ्यांच्या आधाराने; म्हणून ज्याचा पहिला प्रयत्न फसला त्याला हसू नये, आणि फसलेल्यानेही रुसून दूर जाऊ नये.