पहिली पंगत

एकदा एक अर्धीच बातमी आमच्या भिंतीवरून अलीकडे आली. "तात्यांनी शेठजींना मांडल्या ताटावरून उठवलं! आता ती खानावळ वामनची—" एवढ्यात शेजारच्या कुकरने शिट्टी दिली आणि पुढचे शब्द गेले. मी हातातली चाळण खाली ठेवली. तशीच पदराला हात पुसत मी समोर धावले.

वामनची खानावळ आमच्या दारासमोरच. तात्या म्हणजे त्याला स्वयंपाक शिकवणारे वृद्ध आचारी, त्याचे गुरूच. जागा विकत घेण्यासाठी वामनने खानावळीच्या मालकीचे छोटे छोटे हिस्से लोकांना देऊ केले होते. संध्याकाळपर्यंत ते भरले नाहीत, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. म्हणून त्याने शेठजी आणि शहरातले आणखी काही धनिक जेवायला बोलावले, आणि दारावर पाटी लावली, 'आज नेहमीच्यांसाठी बंद'.

मी पोचले तेव्हा पाटी जमिनीवर पडली होती. शेठजी आणि मंडळी ओट्यावर उभी, आणि त्यांच्या पाटांवर आमची रोजची माणसं! वामन पांढराफटक पडला होता.

"तात्या, माझं वाटोळं केलंत हो!"

"तू वाढ," तात्या शांतपणे म्हणाले.

दवाखान्यातल्या कुसुमताईंनी पहिलाच भुरका मारला. "काय रे वामन, आमटीत एवढा गूळ? पाहुण्यांसाठी चव बदललीस होय?"

"बारा वर्षं झाली, आम्हाला कधी घातला नाहीस," पोस्टातले भिसे म्हणाले. पंगत हसली.

ओट्यावरून शेठजींनी विचारलं, "बाई, एवढ्या हक्काने बोलता, तुमचा हिस्सा असेल यात?"

कुसुमताईंचा घास थांबला. "आम्हाला विचारलंय कुणी?"

वामनच्या हातातला डाव आमटीत पडला. तो पुटपुटला, "मला वाटलं, ही साधी माणसं..."

तात्या त्याच्याजवळ आले. "बाळ, ज्यांच्या जिभेला तुझी चव ठाऊक आहे, त्यांना तू दाराबाहेर ठेवलंस, आणि ज्यांनी ती चाखलीच नाही, त्यांच्याकडे विश्वास मागितलास. अनोळखी माणूस आधी ताट पाहत नाही. ताटावर कोण बसलंय आणि तो पुन्हा येतो का, ते पाहतो. पहिली पंगत आपल्यांची भरू दे. मग दुसरीला बोलवावं लागत नाही."

वामनने मान खाली घातली, आणि तिथेच, भर पंगतीत, प्रत्येकाला विचारलं. भिसे उष्ट्या हाताने "माझा धर, माझा धर" म्हणत उठले. अशा माणसांबरोबर भागीदारी नको, म्हणून ओट्यावरचे दोघे धनिक निघून गेले. शेठजी मात्र दुसऱ्या पंगतीला बसले, आणि गूळ न घातलेली आमटी मागून घेतली. दिवेलागणीला हिस्से भरले.

तर, शेठजींना ताटावरून उठवलं, हे खरंच. खानावळ वामनची राहिली नाही, हेही थोडं खरं. त्यातला एक लहानसा हिस्सा आता माझा आहे, आणि आत डोकावायला मला निमित्त शोधावं लागत नाही.