राजाचा हातमोजा आणि नऊ घरांचे लोणी

एका राज्यात ओरन नावाचा राजा होता. त्याच्या कारकिर्दीच्या अकराव्या वर्षी, उन्हाळ्याच्या पहिल्या महिन्याच्या चौथ्या दिवशी, सकाळपासून भुरभुर पाऊस होता. वारा पश्चिमेचा होता. दुपारी दोन घटका ऊन पडले आणि पुन्हा ढग आले. त्या दिवशी राजा शिकारीची वाट चुकला आणि ग्लेनारा नावाच्या डोंगरवाडीत शिरला.

ग्लेनाऱ्यात नऊ घरे होती. भिंती दगडाच्या, छपरे गवताची, भोवती दलदल. झाड नाही म्हणून सरपण नाही. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि तीच चुलीत जाळायची. लोक गुरे राखत आणि लोण्यावर जगत. उन्हाळ्यात काढलेले लोणी लाकडी बुधल्यांत भरून दलदलीत पुरत. तिथे ते नासत नसे. हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाला की तेच उकरून खात.

तिथली रवी फिरत नसे. कमरेएवढे उंच पिंप, त्याच्या झाकणाला भोक, भोकातून दांडा, आणि तो दांडा वरखाली करायचा. एक रीत मात्र कडक होती. घुसळण चालू असता जो उंबरा ओलांडील, त्याने आधी दांड्याला हात लावायचा, मग बसायचे. शेजारी असो, भिक्षेकरी असो, वैरी असो. हात न लावता गेला, तर लोणी त्याच्यामागे जाते.

राजा शिरला ते डर्वलाचे घर. डर्वला विधवा, चाळिशी उलटलेली, हाताला चव असलेली बाई. ती घुसळत होती. चुलीपाशी शेजारचा टायग बसला होता. तो काम कमी करी आणि बोले फार; पण त्यानेही दांड्यावर आपले हात मारून घेतले होते.

राजाने पिंप पाहिले. उजव्या हातात सोन्याच्या तारेने शिवलेला हातमोजा होता, तो दांड्याला हात लावायला ओढून काढू लागला.

"छे छे, महाराज!" डर्वला लगबगीने म्हणाली. "हे हात यासाठी नाहीत. आपण बसावं."

राजाने हातमोजा पुन्हा चढवला. बसला, दूध प्याला, आणि निघताना पिंपाच्या झाकणावर आपला सोन्याचा पेला ठेवून गेला.

दुसऱ्या दिवसापासून लोणी आले नाही. डर्वलाने दुपारपर्यंत घुसळले; वर नुसता फेस. आठवड्यात नऊही घरी तेच झाले.

"फेस तर फेस," टायग म्हणाला, "मला दाढीपुरता झाला."

कोणी हसले नाही. पेला त्यांनी तळ्यात फेकला. सकाळी तो झाकणावर होता. दरीत फेकला, सकाळी झाकणावर होता. दगडाखाली पुरला, सकाळी झाकणावर होता, आणि कोरडा होता.

अर्ध्याहून जास्त उन्हाळा गेला. एकही बुधला भरला नाही. तेव्हा नऊ घरांची माणसे जमली आणि टायगनेच सगळ्यांच्या मनातले बोलून टाकले.

"गुरं डोंगरमाथ्यावरून खाली आणायच्या दिवसापर्यंत बुधले भरले नाहीत, तर इथला हिवाळा निघायचा नाही. चुली विझवायच्या आणि खाली सपाटीला जायचं. तिथं कोणाचे तरी नोकर व्हायचं."

"चूक माझी आहे," डर्वला म्हणाली. "रीत मी मोडली. मला तोवर मुदत द्या."

ती दलदलीत गेली. तिथे एक टिटवी होती. दरवर्षी विटा कापताना डर्वला तिच्या घरट्याभोवतीची माती तशीच सोडी. टिटवीला बोलता येत होते; आजवर तशी वेळ आली नव्हती, इतकेच.

"तीन गोष्टी कर," टिटवी म्हणाली. "तुझ्या चुलीतला निखारा त्या पेल्यात घे आणि विझू न देता राजापर्यंत ने. ज्या घराचा विस्तव विझला, त्या घराची रीत कोणावर चालत नाही. वाटेत जिथं काम चाललेलं दिसेल, तिथं हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आणि राजापुढे उभी राहिलीस की, टायगला सांगतेस तेच त्याला सांग."

"टायगला? मी त्याला सांगते, ऊठ, आळश्या, हात लाव."

"आळश्या तेवढं वगळ," टिटवी म्हणाली.

डर्वला निघाली. एका हातात पेला, काखेत दोन काळ्या विटा. वाट तीन दिवसांची होती.

पहिल्या दिवशी एक म्हातारा ढासळलेला दगडी बांध रचत होता. निखाऱ्यावर राख चढत होती आणि दगड पुष्कळ होते. डर्वलाने पेला खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत दगड दिले.

"पोरी, तुझा विस्तव थकला," म्हातारा म्हणाला, आणि त्याने आपल्याकडची एक जुनी, लोखंडासारखी वाळलेली वीट दिली. निखारा पुन्हा लाल झाला.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी ओढ्यावर लोकर धूत होत्या. पाणी बर्फासारखे गार होते.

"ही कोण आणि? पेला सोन्याचा अन् पायात वहाण नाही," धाकटी म्हणाली.

"हात तर चार बायकांचे आहेत," थोरली म्हणाली. "तिला लोकर पिळू दे."

डर्वलाने लोकर पिळली. बहिणींनी निखारा रात्रभर आपल्या चुलीत राखेखाली जपला आणि सकाळी जसाच्या तसा दिला.

तिसऱ्या दिवशी ती राजवाड्यात पोचली. राजा सिंहासनावर बसला होता आणि दरबारचा मांत्रिक फिंटन मोठा चिमटा घेऊन राजाच्या उजव्या हातातला हातमोजा ओढत होता. ग्लेनाऱ्याहून परतल्यापासून तो निघाला नव्हता. कातरी मोडल्या होत्या, मंत्र संपले होते. राजा डाव्या हाताने जेवत होता आणि डाव्या हाताने सही करत होता.

काम चाललेले होते. डर्वलाने पेला खाली ठेवला, पदर खोचला आणि मांत्रिकाच्या मागे उभी राहून तीही ओढू लागली.

"ही बाई कोण?" फिंटन किंचाळला.

"ओढा, ओढा," डर्वला म्हणाली. "बोलण्यात जोर जातो."

हातमोजा निघाला नाही. डर्वला पुढे आली. पेल्यातला निखारा मसुराएवढा उरला होता.

"महाराज, मी ग्लेनाऱ्याची डर्वला. आमच्याकडे घुसळण चालू असता जो घरात येतो, तो हात लावल्याशिवाय जात नाही. तुमचे हात राहिलेत. चला, आणि हात लावा."

मांत्रिक म्हणाला, "राजाला हुकूम! हिला तुरुंगात टाकावं."

राजा डर्वलाकडे पाहत होता.

"त्या दिवशी मी हातमोजा काढत होतो," तो म्हणाला.

"काढत होतात, महाराज. मीच अडवलं. मला वाटलं, मान दिला."

"मलाही तसंच वाटलं," राजा म्हणाला. "म्हणून पेला ठेवला." तो उठला. "ही तुरुंगात जाईल, तर मीही जाईन. वाळलेली वीट कोणाकडे आहे?"

राजवाड्यात वीट नव्हती. स्वयंपाकघरातून कोळसा आणला. परतीचे तीन दिवस पेला राजाने डाव्या हातात धरला. चढावर धापा टाकत असतानाही तो निखाऱ्यावर फुंकर घालायला विसरला नाही.

ग्लेनाऱ्यात पोचले तो गुरे माथ्यावरून उतरायला बावीस दिवस उरले होते. डर्वलाने निखारा चुलीत ठेवला. पिंपात साय ओतली, झाकण लावले, घुसळू लागली. राजा बाहेर थांबला होता. तो उंबरा ओलांडून आत आला.

"हातमोजा काढा," डर्वला म्हणाली, "आणि हात लावा."

राजाने डाव्या हाताने उजव्या हातातला हातमोजा ओढला. कुठलाही हातमोजा निघतो तसा तो निघाला. राजाने दांडा धरला.

"सरळ धरा," टायग चुलीजवळून म्हणाला. "ती तलवार नव्हे."

"तू ऊठ, आळश्या," डर्वला म्हणाली, "आणि महाराजांना दम लागला की दांडा घे."

राजाने दहा हात मारले. मग शंभर मारले. टायगकडे दांडा दिला नाही. तीनशे सहाव्या हाताला पिंपातला आवाज बदलला. आधी पाण्यासारखा होता तो जड झाला. डर्वलाने झाकण काढले.

लोणी आले होते. पहिल्या घुसळणीचे साडेचार शेर भरले. राजा त्या आठवड्यात उरलेल्या आठ घरी गेला आणि प्रत्येक घरी दांड्याला हात लावला. सोन्याचा पेला तळ्यात टाकला. तो परत आला नाही. गुरे उतरायच्या दिवसापर्यंत नऊ घरांचे सत्तावीस बुधले भरले आणि दलदलीत पुरले गेले. त्या हिवाळ्यात घाट एकशे चार दिवस बंद होता. ग्लेनाऱ्यातली एकही चूल विझली नाही.