गढूळ पाण्याची गोष्ट

“घसा फोडून सांगितलं, पण माझं कोणाला खरं वाटेल तर शपथ!” कासवीण अजून हेच म्हणते. गोष्ट फार मागची आहे. माळावरच्या लहानशा तळ्यात भिंगरी नावाची म्हैस रोज डुंबायची. बगळ्याला ते खपेना. “ही बया पाणी गढूळ करते. हाकला हिला!” मासोळ्यांना, बेडकांना ते पटलं. त्यांनी भिंगरीला हाकललं.

कासवीण ओरडली, “अरे मेल्यांनो, तिच्या खुरांनी तळाचा चिखल घट्ट बसतो. म्हणून तर पाणी टिकतं!” सगळे हसले.

त्या वर्षी पाणी आरशासारखं नितळ झालं आणि होळीलाच आटलं. उघड्या पडलेल्या मासोळ्या बगळ्याने मजेत वेचून खाल्ल्या. शेवटच्या डबक्यात चार कशाबशा वाचल्या.

पावसाने तळं भरताच बेडूक तोंड पाडून भिंगरीकडे गेले. “बाई, चुकलो आम्ही.” ती माउली लगेच पाण्यात उतरली.

पुढच्या वैशाखातही तळ्यात कंबरभर पाणी होतं. खोल पाण्यात मासोळ्यांची पिल्लं सुखाने खेळत होती. काठावर उपाशी बगळा चरफडला, “हे पाणी आटत का नाही? कोणाचं हे पाप?”

तळ्यातली लहानथोर सगळी एका सुरात म्हणाली, “आमच्या भिंगरीचं!”